नाव, गाव आणि नंबर

पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावरून कान्हे फाट्याला आत वळावे, रेल्वेमार्ग ओलांडावा, इंद्रायणीवरचा पूल मागे टाकावा. टाकवे बुद्रुक आले की आंदर मावळात शिरलो असे समजायला हरकत नाही. पुढे रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंना भाताची खाचरे लागतात आणि टाटांनी शतकापूर्वी बांधलेल्या ठोकळवाडी धरणाचे पाणी कधी झाडांआडून दिसते, कधी धुक्यात हरवते. अलीकडे या रस्त्यावर शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रीघ लागते. गाड्यांच्या मागोमाग चहा, कांदाभजी आणि भाजलेली कणसे येतात. आधी विचारून ठेवले तर एखाद्या घरी पिठले-भाकरीची पंगतही मिळते.

अशाच एका घरी दोन वर्षांपूर्वी आम्ही सहकुटुंब जेवलो. जेवण झाल्यावर यजमानांनी पडवीच्या खांबाला सुतळीने बांधलेली वही पुढे केली. वर रेघा मारून रकाने पाडलेले: नाव, गाव, मोबाइल नंबर, अभिप्राय. अभिप्रायाच्या रकान्यात शहरी माणसांनी हात सैल सोडला होता. 'अप्रतिम', 'आजीच्या हातची आठवण झाली', 'पुन्हा नक्की येऊ'. नंबराचा रकाना मात्र उपाशी. कुणी तिथे आडवी रेघ मारली होती, कुणी नुसताच स्वल्पविराम दिल्यासारखे काहीतरी केले होते, आणि पाच-सहा जणांनी मोठ्या खुबीने नऊच आकडे लिहिले होते.

'नऊ आकड्यांवर फोन कसा लावायचा दादा, तुम्हीच सांगा,' यजमान हसत म्हणाले. पण हसण्यामागची अडचण खरी होती. त्यांच्याकडे इंद्रायणी तांदूळ होतो. पाहुणे येतात जुलै-ऑगस्टमध्ये, तेव्हा शेतात नुकती लावणी झालेली असते. भात कापून, झोडून, गिरणीत भरडून तयार होतो दिवाळीनंतर. तेव्हा धबधबे आटलेले असतात आणि रस्त्यावर चिटपाखरू नसते. जेवताना 'तांदूळ मिळेल का हो?' असे ज्यांनी ज्यांनी विचारले, ती माणसे तांदूळ तयार होतो तेव्हा कुठे असतात हे यांना ठाऊक नाही. मग येईल त्या व्यापाऱ्याला, तो म्हणेल त्या भावाने माल द्यायचा. तोच तांदूळ पुढे शहरातल्या दुकानात चढ्या भावाने आणि पुष्कळदा दुसऱ्याच कुठल्या तरी तांदळात मिसळून आपल्याच घरी येतो. जुलैतला पाहुणा आणि नोव्हेंबरातला तांदूळ यांची गाठ घालून देणारी एकच वस्तू आहे, ती म्हणजे वहीतला तो रकाना. तोच रिकामा.

आता आपण नऊ आकडे का लिहितो, हेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. शहरातल्या माणसाला या बाबतीत पोळून पोळून शहाणपण आले आहे. मॉलच्या दाराशी किंवा द्रुतगती मार्गावरच्या खाण्याच्या जागी एक चकचकीत गाडी उभी करून ठेवलेली असते, शेजारी काचेची पेटी आणि कुपनांची चळत. नाव-नंबर लिहा, गाडी जिंका. गाडी कुणाला मिळते हे देव जाणे. आठवड्याभरात एका मंजूळ आवाजाचा फोन मात्र येतो. 'अभिनंदन! आपली निवड झाली आहे. भेटवस्तू घ्यायला पती-पत्नी दोघांनी यायचं आहे.' दोघांनी कशासाठी, हे तिथे गेल्यावर कळते. थंडगार हॉलमध्ये अडीच-तीन तास सुट्टीच्या घरांच्या सभासदत्वाचे कौतुक ऐकावे लागते, आणि एकटे आलेल्याला 'घरी विचारून सांगतो' ही पळवाट असते, ती जोडीने आलेल्याला उरत नाही. आम्हीही एकदा गेलो होतो. सभासद झालो नाही. एक प्लास्टिकचा डबा घेऊन परतलो आणि त्या डब्याची किंमत पुढची दोन वर्षे फोन उचलून उचलून चुकती केली.

त्या फोनांत सर्वांत जास्त फोन कशाचे असतात म्हणाल? मावळातल्या प्लॉटचे. 'लोणावळ्यापासून हाकेच्या अंतरावर, धरणाचा देखावा, डोंगराच्या कुशीत.' म्हणजे ज्या दरीतला शेतकरी आपल्याला तांदूळ विकण्यासाठी नंबर मागतो आणि त्याला आपण नऊ आकडे देतो, त्याच दरीतली जमीन विकणाऱ्या दलालाकडे मात्र आपले दहाच्या दहा आकडे आहेत. ते आपणच कुठल्या तरी पेटीत टाकले, किंवा कापडाच्या दुकानात बिल करताना काउंटरवरच्या मुलाने 'मोबाइल नंबर?' म्हटल्यावर विचार न करता सांगून टाकले. वास्तविक बिल देण्यासाठी दुकानदाराने नंबराचा हट्ट धरू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये किरकोळ विक्रेत्यांना बजावले आहे. पण मागे रांग असते, हातात पिशव्या असतात, आणि नाही म्हणायचा संकोच असतो.

माणसाने परक्याच्या वहीत आपले नाव-गाव लिहून द्यावे, हा प्रकार आपल्याकडे काही नवा नाही. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यांच्या नामावळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे सांगायला नको. लांबट वह्या, त्यात पिढ्यानुपिढ्यांच्या नोंदी: अमक्या गावचे अमके, बरोबर कोण, आधी कोण येऊन गेले, मुलगे किती. मोडी येत असेल तर खापरपणजोबांची नोंदही लागते. माणसे तिथे हातचे न राखता सगळे सांगतात, मुलाबाळांची नावे आठवून आठवून लिहून देतात. धर्मभावना हे एक कारण झाले. पण व्यवहाराच्या बाजूनेही त्याकडे पाहावे. ही वही म्हणजे उपाध्यांच्या घराचे उत्पन्नच. भावाभावांत वाटणी झाली तर वह्यांचीही वाटणी होते, इतका रोकडा हिशेब त्यात आहे. तरीही यजमानाला फसल्यासारखे वाटत नाही. त्याने दिलेली माहिती त्याच्याच कामी परत येते. पुढच्या पिढीतला कुणी आला, गाव-आडनाव सांगितले, की वही उघडते आणि त्याचा आजोबा त्याला भेटतो. आपण काय देतो आणि बदल्यात काय मिळते, हे दोन्ही समोर उघडे असते.

दुसरे उदाहरण कारखानदारीतले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीपायी तो शेतकरी घेईनात. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, नांगराचा जम बसला आणि १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. कारखान्याची, मालाची, माल वापरणाऱ्यांची खबर देणारे ते छोटेखानी मासिक. नुसती आपल्या नांगराची टिमकी वाजवली असती तर ते दोन-चार अंकांत संपले असते. पण त्यात हळूहळू वाचावे असे काही येत गेले, आणि जाहिरातीच्या पोटी जन्मलेले ते मासिक पुढे 'किर्लोस्कर' या नावाने मराठी घराघरांत गेले. १९३० मध्ये त्याच्या जोडीला 'स्त्री' आले. अंक घरी यावा म्हणून लोकांनी आपले पत्ते आपण होऊन कळवले, वर वर्गणीही भरली. आज जो तो व्यापारी 'ग्राहकांची यादी कशी वाढवावी' याचे वर्ग लावून शिकतो आहे. हा शंभर वर्षांपूर्वीचा धडा त्याला फुकट उपलब्ध आहे: पत्ता मागण्याआधी, ज्यासाठी पत्ता द्यावासा वाटेल असे काहीतरी हातात असायला हवे.

आणि मागावे किती? याचे उत्तर तर आंदर मावळाच्या शेजारीच, तळेगावात आहे. अंताजी दामोदर काळे यांनी स्वदेशी उद्योगासाठी पैसा फंड काढला तो माणशी एक पैसा मागून. त्या पैशांतून १९०८ साली तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. रुपया मागितला असता तर देणारा थांबला असता, कोण, कशाला, हिशेब कोण ठेवणार असे विचारता झाला असता. पैशाला कुणी नाही म्हणत नाही. आजच्या हॉटेलवाल्यांना हे सांगावेसे वाटते. लोणावळ्याच्या बाजूला दोन दिवस राहायचे म्हणून मोबाइलवर चौकशी करावी, तर खोलीचे भाडे दिसण्याआधीच नाव, नंबर, ईमेल, जन्मतारीख आणि लग्नाचा वाढदिवस असे पाच रकाने समोर येतात. ज्याने अजून येतो असेही म्हटलेले नाही, त्याच्या लग्नाच्या वाढदिवसाशी यांचे काय काम? आपल्याकडे उन्हातून आलेल्यापुढे आधी गूळ-पाणी ठेवतात, मग नाव-गाव विचारतात. दारातच चौकशी सुरू केली तर पाहुणा उंबऱ्यावरूनच माघारी जाईल, किंवा खोटे नाव सांगेल. भाडे दाखवा, फोटो दाखवा, रस्ता कुठून फुटतो आणि गाडी दारापर्यंत जाते की नाही ते सांगा. एवढे मिळाल्यावर ज्याला यायचे आहे तो नंबर आपण होऊन देतो. बाकीच्यांचा नंबर मिळूनही उपयोग नसतो. वैतागलेला माणूस गिऱ्हाईक होत नाही.

आम्ही त्या यजमानांना हेच आमच्या परीने सांगितले. नुसते 'मोबाइल नंबर' असे लिहिले की पाहुण्याला पेटीतले कुपन आठवते. त्याऐवजी रकान्यावर सरळ कारण लिहा: 'दिवाळीनंतर नवा इंद्रायणी तांदूळ तयार झाला की एकदा कळवू. हवे असेल त्यांनी नंबर लिहावा.' 'एकदा' हा शब्द महत्त्वाचा आणि 'हवे असेल त्यांनी' हेही. गावाच्या रकान्यात पुणे-मुंबई एवढेच न लिहिता कोथरूड, चिंचवड, डोंबिवली असे लिहून घ्या आणि का तेही सांगा: एका भागातल्या दहा घरांचा तांदूळ एका खेपेत पोचवता येतो, भाडे वाटले जाते. अभिप्रायाचा रकाना खुशाल ठेवा, त्याने निदान सुनेला बरे वाटते. (सूनबाईंनी आतून 'खरं आहे' म्हणून दुजोरा दिला.)

आणखी एक गोष्ट त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने आम्हालाच शिकवली. शंभर जणांचा गट करून त्यात सगळ्यांना घातले की प्रत्येकाचा नंबर उरलेल्या नव्व्याण्णव जणांना दिसतो. आज तांदळाच्या गटात आलेला एखादा उद्या त्यातल्या सगळ्यांना विमा विकू लागतो. त्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅपवर 'ब्रॉडकास्ट' म्हणून सोय आहे, तिने निरोप ज्याचा त्याला स्वतंत्र जातो. मात्र ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवून ठेवला आहे, त्यालाच तो पोचतो. म्हणजे पाहुण्याचा नंबर घ्यायचा तर आधी आपला द्यावा लागतो आणि तो त्याने आपल्या खुशीने जपून ठेवावा लागतो. तंत्रज्ञानाला क्वचित अशी माणुसकीची रीत साधते. चहाच्या पेल्याखाली आपले नाव, गावाचे नाव आणि नंबर छापलेली चिठ्ठी ठेवली तरी काम होईल. आत डोंगराकडे गेले की मोबाइलची रेंज येते-जाते, तेव्हा कागद बरा.

यादी एकदा झाली की तिच्यावर डोळा ठेवणारेही येतात. यजमानांनी सांगितलेला प्रसंग असा. जेवायला आलेल्या एका गृहस्थाने अभिप्राय वाचण्याच्या निमित्ताने वही घेतली आणि पाने उलटता उलटता मोबाइलने फोटो काढायला सुरुवात केली. जमिनीचे व्यवहार करणारा होता. त्याने लपवलेही नाही, 'पानामागं पैसे देतो' म्हणाला. यजमानांची आई चुलीपुढून उठून आली, वही त्याच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाली, 'ही माणसं माझ्याकडं जेवली, तुझ्याकडं न्हाई.'

त्या माउलीने एका वाक्यात जे सांगितले, ते संसदेला कायद्याच्या भाषेत मांडावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि व्यावसायिकांना पाळायच्या मुख्य तरतुदींसाठी तिथून अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. या कायद्यातल्या तीन गोष्टी घरात वाचून दाखवण्यासारख्या आहेत. ज्या कारणासाठी माहिती घेतली त्याच कारणासाठी ती वापरायची. काय घेतो आणि कशासाठी हे साध्या भाषेत सांगायचे आणि ते मराठीतून वाचण्याचा पर्याय द्यायचा, कारण घटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेचा पर्याय त्यात आहे. आणि दिलेली संमती काढून घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असायला हवे. सुतळीने बांधलेली कागदाची वही तशी या कायद्याबाहेर राहते. पण तीतले नंबर मोबाइलमध्ये भरले की कायदा तिलाही लागू होतो. आपल्या छोट्या व्यावसायिकांना हे कुणी समजावून सांगणार की नाही? मोठ्या कंपन्यांकडे वकील असतात. पिठले-भाकरी देणाऱ्या घराला निदान एक पानभर मराठी मजकूर तालुक्याच्या ठिकाणी, वडगावात, मिळायला हवा.

वाचकांपैकी काहींना वाटेल की तांदळाच्या चार पोत्यांसाठी एवढा काथ्याकूट कशाला. इंद्रायणी हा वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिला, तेव्हापासून मावळच्या भाताला नाव मिळाले. पण त्या नावाचा पैसा मावळच्या खाचरापर्यंत पुरता पोचत नाही. आंदर मावळातल्या तरुणापुढे आज टाकव्याच्या कारखान्यात कंत्राटी काम किंवा जमिनीचा तुकडा विकणे हे दोन रस्ते सहज मोकळे आहेत. शेत राखून, घरी चार पाहुणे जेवू घालून आणि पिकलेला तांदूळ ओळखीच्या घरांना विकून जगणे हा तिसरा रस्ता आहे. तो ओळखीवरच चालतो. ओळख म्हणजे आजच्या काळात शेवटी नंबरच.

त्या नंबराचा उपयोग नुसता विकण्यासाठीच होतो असेही नाही. ३० जून २०२४ च्या रविवारी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या ओढ्यात अचानक पाणी वाढले आणि एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. डोंगरावर पाऊस किती झाला, ओढ्याचा आवाज कसा बदलला, हे दरीत राहणाऱ्याला शहरातल्या माणसाच्या कितीतरी आधी कळते. 'या रविवारी येऊ नका, पाणी फार आहे,' असा निरोप ज्याच्याकडे आपला नंबर आहे तोच धाडू शकतो. त्या निरोपाने त्याचा रविवारचा धंदा बुडतो. तसा निरोप धाडणाऱ्याने नंतर तांदळाचा निरोप धाडला तर तो कोण पुसून टाकील?

नको असलेल्या फोनांचा बंदोबस्त ज्याचा त्याने करावा. १९०९ या क्रमांकावर आपली नोंद करता येते, ती केलेली बरी. पेटीतली कुपने भरू नयेत. काउंटरवर 'नंबर देत नाही' म्हणायला शिकावे, पहिल्या दोन वेळा जड जाते. पण नाही म्हणायचे ते कुणाला, याचा थोडा विवेक ठेवावा. समोर बसून ज्याने वाढले, ज्याचे घर कुठे आहे हे आपण पाहिले आहे, आणि नंबर कशाला हवा हे ज्याने तोंडाने सांगितले, त्याच्या वहीत दहा आकडे लिहायला काय जाते? त्याने विश्वास मोडला तर त्याचे घर आपल्याला ठाऊक आहे. कुपनाच्या पेटीमागे कोण बसले आहे, ते आपल्याला कधीच कळत नाही.

आम्ही त्या दिवशी वहीत दहा आकडे लिहिले आणि यजमानांचा नंबर फोनमध्ये 'मावळ तांदूळ' या नावाने ठेवला. पावसाळा संपला, दिवाळी झाली, आम्ही ते विसरूनही गेलो. डिसेंबरच्या सुरुवातीला एका संध्याकाळी निरोप आला. बहुधा मुलाने टंकलेला, पण शब्द बापाचे: 'नमस्कार. नवा इंद्रायणी भरडून आला. यंदा कापणीत पाऊस लागला म्हणून कणी जरा जास्त पडली आहे, वास चांगला आहे. नवा असल्यानं भात चिकट होईल, पाणी बेतानं घालावं. चिंचवडची खेप रविवारी निघंल. नको असल्यास तसं कळवावं, परत मेसेज येणार न्हाई.'

आम्ही दहा किलो सांगितला. कणीची पेजही बरी होते म्हणून घरून आणखी दोन किलो कणी मागवण्याचा हुकूम झाला, ती त्यांनी तशीच पुडीत बांधून दिली, पैसे घेतले नाहीत.